स्वप्नं आठवत नाहीत, शरीर सुटत नाही: सहा महिने नेमकं काय चुकत होतं

तक्रार अशी होती. रात्री दिवा मालवायचा, उताणं पडायचं, पायाच्या अंगठ्यापासून एकेक अवयव सैल सोडत वर यायचं आणि गुडघ्याशी पोचेपर्यंत झोप. मग एकदम गजर. मधल्या तासांचं काहीही हाताशी नाही. तरंगणं सोडाच, परीक्षेला उशीर झाल्याचं ते नेहमीचं स्वप्नसुद्धा नाही. महिन्यातून एखाद-दोन वेळा काहीतरी आठवायचं, तेही "पिवळं काहीतरी होतं" इतपत.

असे सहा महिने गेले. ॲस्ट्रल प्रोजेक्शन, म्हणजे झोपेच्या काठावर देहाबाहेर पडल्याचा अनुभव घेणं, शिकायचंच म्हणून तेवढ्या काळात मी चार पद्धती पालटल्या. अदृश्य दोरी धरून वर चढायची, कूस पालटून देहातून घरंगळायचं, कपाळाच्या मध्यावर लक्ष, शंभरापासून उलटी मोजणी. चारही पद्धतींचा निकाल एकच: घोरणं. (घोरण्याचं नवऱ्याने सांगितलं. मला ते मान्य नाही.)

पद्धती ठीकच होत्या. घोळ घड्याळाचा होता आणि आमच्या बिल्डिंगच्या पाण्याचा. ज्यांचं गाडं इथेच अडलंय त्यांच्यासाठी लिहितेय. पहिल्याच आठवड्यात छपरावरून फिरून आलेल्यांनी वाचू नये, त्यांचा मला राग येतो.

पहाटेचे दोन तास

आपली झोप साधारण नव्वद-नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांनी पुढे सरकते. सुरुवातीच्या फेऱ्यांत गाढ झोप जास्त. प्रत्येक फेरीच्या शेवटाकडे एक टप्पा येतो, त्यात पापण्यांआड बुबुळं भराभर हलतात. १९५३ साली शिकागो विद्यापीठातल्या युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी तो जगापुढे मांडला. या टप्प्यात माणसाला उठवलं की तो बहुतेकदा स्वप्न सांगतच जागा होतो. हीच आरईएम (रॅपिड आय मूव्हमेंट) झोप. पहिल्या फेरीत ती जेमतेम दहा मिनिटं टिकते. पहाटेकडे लांबत जाते आणि शेवटी शेवटी अर्धा तास किंवा त्याहून जास्त चालते. म्हणजे स्वप्नांचा मोठा साठा पहाटेच्या दोन-अडीच तासांत असतो.

आता माझी रात्र बघा. ठाण्यातलं वर्तकनगर, जुनी बिल्डिंग, दुसरा मजला. पाणी पहाटे साडेपाचला येतं आणि चाळीस मिनिटांत जातं. पिंप, बादल्या, हंडा, फिल्टर, सगळी ड्यूटी माझी. झोपायला साडेअकरा-बारा वाजायचे. म्हणजे ज्या वेळेत भरपूर स्वप्नं पडतात त्या वेळेत मी रोज मोरीत पाइप धरून उभी. स्वप्नं विसरत होते हा माझा समज होता. त्यातली बरीचशी मी पाहिलीच नव्हती.

आणि रात्री अकराला साधनेला बसणं म्हणजे संध्याकाळी साडेसहाला दादरला कर्जत फास्टमध्ये शिरून खिडकी मागणं. दिवसभर दमलेल्या शरीराला त्या वेळी गाढ झोप हवी असते आणि ते ती घेतंच. तुमचं मन जागं ठेवण्यात त्याला काडीचा रस नसतो.

त्यामुळे पहिला उपाय अगदी कंटाळवाणा आहे: लवकर झोपा. मी साडेदहावर आले. रात्रीची मालिका सुटली, पण सासूबाई सकाळच्या चहाबरोबर कालचा भाग सांगतात आणि खरं सांगू, त्यांच्या तोंडून तो जास्त रंगतो.

दुसरा उपाय अपघाताने सापडला. एका रविवारी पाणी भरून झालं, सव्वासहा वाजले होते, चहा टाकायचा कंटाळा आला म्हणून परत जाऊन पडले. सातच्या सुमारास जाग आली तेव्हा अख्खं स्वप्न डोक्यात होतं. उपवनचा तलाव आटलाय आणि माझे बाबा त्यातून निळी स्कूटर चालवतायत, मागे मी, हातात शेवग्याच्या शेंगा. रंगासकट सगळं. शिवाय अंगभर एक बारीक गुणगुण चालू होती, तिच्याबद्दल पुढे येईलच.

नंतर कळलं की जाणकार लोक हे मुद्दाम करतात. पाच-सहा तास झोपायचं, उठायचं, वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत जागं राहायचं आणि पुन्हा झोपायचं. गाढ झोपेची भूक तोवर भागलेली असते, त्यामुळे शरीर लवकर स्वप्नांच्या झोपेत शिरतं आणि नुकतंच जागं झालेलं मन थोडं मागे रेंगाळतं. आपल्याला हवी असते ती हीच फट. ज्या गजराला मी वर्षभर शिव्या घातल्या तोच कामी आला. ठाण्यातल्या जुन्या बिल्डिंगीत राहणाऱ्यांना ही सोय पालिकेने फुकट करून दिलेली आहे.

मधल्या अर्ध्या तासाची पथ्यं एवढीच: मोठा दिवा नको, मोबाईल नको, चहा नको. पाणी भरून झालं की स्वप्नांच्या वहीची जुनी पानं चाळायची आणि नेहमीपेक्षा वेगळ्या कुशीवर पडायचं. पडल्या पडल्या एकच वाक्य घोळवायचं: पुढचं स्वप्न पडेल तेव्हा हे स्वप्न आहे हे माझ्या लक्षात येईल. नुसता जप करू नका, मघाचंच स्वप्न पुन्हा डोळ्यांपुढे आणा आणि त्यात आपल्याला भान आलंय असं बघा. ही रीत स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज यांनी बांधली. स्वप्नात भान येतं हे प्रयोगशाळेत दाखवणाऱ्यांपैकी ते एक; झोपलेल्या माणसाने आधी ठरलेल्या खुणेप्रमाणे डोळे डावीकडे-उजवीकडे हलवून कळवायचं, अशी त्यांची युक्ती होती. इंग्लंडमध्ये कीथ हर्न यांनी १९७५ मध्ये अशीच खूण नोंदवली होती. देहाबाहेर पडायला शिकणारे या स्वप्नवाल्यांना जरा कमी लेखतात. मी लेखत नाही, कारण माझी गाडी त्यांच्याच रस्त्याने पुढे गेली.

हे फक्त सुट्टीच्या दिवशी. एकदा बुधवारी करून पाहिलं, तर ऐरोलीला उतरायचं ते घणसोलीला जाग आली.

आठवण कुठे सांडते

स्वप्न पडलं, संपेपर्यंत झोपही झाली, तरी आठवत नाही, अशी तक्रार असेल तर दोष पहिल्या मिनिटात शोधा. आरईएम झोपेत मेंदूतलं नॉरॲड्रेनॅलिन नावाचं रसायन जवळजवळ बंद असतं, आणि अनुभव पक्का व्हायला ते लागतं. जाग येते त्या क्षणी स्वप्न हाताशी असतं, पण ओंजळीतल्या पाण्यासारखं. दुसरा कुठलाही विचार, आवाज, हालचाल आली की ओंजळ फुटते.

माझी ओंजळ फोडणारी पहिली गोष्ट होती गजर. सकाळ प्रसन्न जावी म्हणून मी भूपाळी लावली होती. रोज जाग आली की स्वप्नाच्या जागी भूपाळीचं दुसरं कडवं. तीन आठवडे माझ्या वहीत त्याशिवाय काही नव्हतं. आता मनगटावरचा पट्टा नुसता थरथरतो. त्याहून चांगलं म्हणजे गजराच्या आधी आपसूक जाग येणं, आणि झोपायची वेळ पाळली की महिन्याभरात ते होऊ लागतं.

दुसरी गोष्ट, हलणं. जाग आली की डोळे उघडायचे नाहीत, पाय ताणायचे नाहीत, नवऱ्याने ओढलेली चादरसुद्धा परत ओढायची नाही. त्याच अवस्थेत स्वतःला विचारायचं, "आत्ता मी कुठे होते?" "काय स्वप्न पडलं?" असं विचारलं की मन परीक्षेला बसल्यासारखं गप्प होतं, जागा विचारली तर ते पटकन सांगतं. जागा सापडली की माणसं येतात आणि माणसांमागून प्रसंग, बहुतेकदा शेवटापासून सुरुवातीकडे. काहीच सापडलं नाही तर सावकाश दुसऱ्या कुशीवर वळा. ज्या कुशीवर स्वप्न पाहिलं त्या कुशीवर गेल्यावर तुकडा हाती लागतो, हे मी कितीदा तरी अनुभवलंय.

पाण्याच्या दिवशी हे गादीत जमत नाही, तेव्हा मी पिंपाशी जमवते. पाइप सोडला की पिंप भरायला आठ मिनिटं लागतात. भिंतीला टेकून डोळे मिटायचे आणि मागे जायचं. सासूबाईंना वाटतं मी नामस्मरण करते. मी खुलासा केलेला नाही.

तिसरी गोष्ट, लिहिण्याची पद्धत. पूर्ण वाक्यं लिहायला गेलात की तिसऱ्या ओळीला सुरुवात पुसली जाते. आधी नुसती नामं: तलाव, स्कूटर, शेंगा. बाकीचं ब्रश करून झाल्यावर. मोबाईलवर बोलून ठेवायचाही प्रयत्न केला, नंतर ऐकलं तर चार मिनिटं श्वास आणि शेवटी "…काकांची बोट, ती नाही, दुसरी." वहीच बरी. वही उशीखाली, पेन वहीत आणि पेनला टोपण नको.

काहीच आठवलं नाही त्या दिवशीही तारीख घालून "काही नाही, पण उदास वाटतंय" असं लिहायचं. ही ओळ फालतू वाटते, तरी ती टाळू नका. आपल्याला रोज विचारलं जाणार हे मनाला त्यातूनच कळतं. हे सगळं पाळायला लागल्यावर माझ्या वहीत पहिल्या आठवड्यात एक स्वप्न आहे, पाचव्या आठवड्यात सातपैकी पाच दिवस, आणि त्यातली दोन पानभर.

चाळीसेक स्वप्नं जमली की वही नुसती वाचून काढा. तीच ती ठिकाणं सापडतात. माझ्या स्वप्नांत ठाणे स्टेशनचा पूल सतत येतो, तो संपतच नाही आणि मी चुकीच्या प्लॅटफॉर्मवर उतरते. म्हणून खऱ्या पुलावर पाय ठेवला की रोज स्वतःला विचारायचं, हे स्वप्न आहे का? आणि इंडिकेटर दोनदा वाचायचा. खरा इंडिकेटर दुसऱ्यांदाही तेच दाखवतो (उशीर सोडून). स्वप्नातली अक्षरं नजर हटली की बहुतेकदा बदलतात. दोन महिने असं विचारत राहिले आणि एका पहाटे वर बघितलं तर लिहिलं होतं: पनवेल, धीमी, काल. भानावर आलेलं माझं ते पहिलं स्वप्न. आनंदाच्या भरात दहा सेकंदांत संपलं.

गुणगुण सुरू होते आणि मोडते

आता ती अंगभर गुणगुण. काहींना वीज फिरल्यासारखी वाटते, काहींना कानात वारा. मला ती सोसायटीच्या पंपासारखी ऐकू येते, इतकी हुबेहूब की पहिल्या दोन वेळा मी "आज पंप लवकर लावला" म्हणत उठून बसले. गुणगुण आली की शरीर झोपेच्या उंबऱ्यावर आणि मन अजून अलीकडे. इथपर्यंत आलेल्यांची पुढची तक्रार ठरलेली: छाती धडधडते आणि सगळं मोडतं.

याला मला लागू पडलेला एकच उपाय आहे. पहिल्या पाच वेळा बाहेर पडायचंच नाही, असं आधीच ठरवून टाका. प्लॅटफॉर्मवर उभं राहून आपल्या नसलेल्या फास्ट गाड्या जाऊ देतो तसं. श्वास सोडताना मोजायचा, बाकी काही नाही. पाचव्या वेळेपर्यंत मनाला त्यात नवल उरत नाही आणि धडधड आपोआप उतरते. मी तीन वेळा पाळलं, चौथ्या वेळी हावरटपणा केला आणि पुन्हा शून्यावर आले.

खाज सुटणं, गिळावंसं वाटणं, हे किरकोळ आहे. सुरुवातीच्या दहा मिनिटांत खुशाल खाजवा; त्यानंतरची खाज दुर्लक्ष केलं की बहुतेकदा विरते. लाळ जमत असेल तर उताणं न पडता कुशीवर पडा, कुशीवरूनही जमतं. डास मात्र किरकोळ नाहीत. येऊरच्या पायथ्याशी पावसाळ्यात मच्छरदाणीशिवाय कुणी ध्यान करून दाखवावं.

एका गोष्टीची भीती खरी वाटते, तिच्यावर थोडं थांबते. जाग येते, खोली दिसते, पण बोट हलत नाही. छातीवर वजन, दाराशी कुणीतरी उभं. आपल्याकडे याला "अंगावर बसलं" म्हणतात. आरईएम झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू बंद ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नातली धावपळ गादीवर केली असती. कधी मन आधी जागं होतं आणि स्नायू मागाहून. तेवढ्या अवधीत स्वप्न उघड्या डोळ्यांसमोर सांडतं. छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा चालूच असतो, त्यामुळे जीव गुदमरला असं वाटलं तरी श्वास थांबलेला नसतो. काही सेकंदांपासून दोन-चार मिनिटांत सुटतं. झोप अपुरी असेल आणि उताणं झोपलात तर जास्त होतं, म्हणजे आपण साधनेसाठी नेमकं जे करतो त्यानेच. सुटायचं असेल तर जोर लावू नका. पायाचा अंगठा किंवा बोटाचं टोक हलवायचा प्रयत्न करा आणि श्वास लांबवा.

मला पहिल्यांदा झालं तेव्हा मी ओरडतच उठले. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या.

"आई, हे झोपेचं असतं, दृष्टीचं नाही."

"असेना. मोहऱ्यांनी काय बिघडतंय?"

काही बिघडलं नाही. पुढच्या वेळी मी घाबरले नाही, आणि त्याचं श्रेय कुणाला यावर आमच्या घरात दोन मतं आहेत.

आणि शिकणाऱ्यासाठी हेच दार आहे. याच अवस्थेत शरीर न हलवता नुसतं "कूस बदलतेय" असं मनात आणलं आणि मी गादीच्या कडेवरून खाली, कपाटापाशी उभी होते.

खरंच बाहेर गेले का?

खोली आमचीच होती, पण फिल्टर निळा दिसत होता. आमचा पांढरा आहे. तिथेच मला शंका आली.

आपल्याकडे स्थूल, सूक्ष्म (यालाच लिंगदेह म्हणतात) आणि कारण असे तीन देह सांगितलेत. जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय या चार अवस्थांची मांडणी मांडूक्य उपनिषदाने अवघ्या बारा मंत्रांत केली आहे. त्यामुळे "लिंगदेह बाहेर पडला" हे वाक्य मराठी कानाला अजिबात परकं नाही. दुसरीकडे, २००२ साली स्वित्झर्लंडमध्ये ओलाफ ब्लांक आणि सहकाऱ्यांनी अपस्माराच्या एका रुग्णाच्या मेंदूत, उजव्या कानाच्या वरच्या अंगाला एका जागी बारीक विद्युतप्रवाह दिला, तेव्हा तिला आपण वरून स्वतःला खाटेवर पडलेलं बघतोय असं वाटलं. प्रवाह त्या जागी दिला की अनुभव पुन्हा येई. आपण शरीरात कुठे आहोत याचा मेळ मेंदू तिथे घालत असतो आणि तो विसकटता येतो.

मी घरगुती प्रयोग केला. नवऱ्याने पत्त्यांच्या कॅटमधून न बघता एक पान काढून कपाटावर ठेवायचं, मी "जाऊन" वाचायचं. तीनदा वाचलं. पहिल्यांदा मी किलवरची सत्ती सांगितली, निघाला बदामचा राजा. दुसऱ्यांदाही चुकलं. तिसऱ्यांदा पानावर आमच्या सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल होतं. मी माझ्यापुरतं ठरवलंय की हे आपल्याच घरात, पूर्ण भानात पडलेलं स्वप्न आहे. अनुभवाची गोडी त्याने कमी होत नाही. गादीकडे वळून स्वतःला झोपलेलं बघणं काय असतं हे सांगून कळणार नाही. ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनी कपाटावर पान ठेवून बघावं.

याच टप्प्यावर आणखी एक फसवणूक होते: खोटी जाग. उठलो, तोंड धुतलं, कामाला लागलो, आणि परत गादीवर जाग. एका रविवारी मी तीनदा पाणी भरलं. खरं एकदाच. उपाय सोपा, उठल्यावर रोज नाक चिमटीत धरून श्वास घेऊन बघायचा. आला तर स्वप्न.

चहा, गोळ्या आणि कुणी करू नये

संध्याकाळचा चहा पाचनंतर बंद. दारूने रात्रीच्या पहिल्या भागातली आरईएम झोप दबते, गांजानेही कमी होते. नैराश्याच्या काही औषधांनी स्वप्नं कमी होतात, पण म्हणून औषध स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. ऑस्ट्रेलियात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपताना २४० मिलिग्रॅम बी-६ जीवनसत्त्व घेणाऱ्यांना स्वप्नं जास्त आठवली होती. तो पाच दिवसांचा प्रयोग होता, आणि इतका डोस बरेच दिवस घेतला तर हातापायांच्या नसांना इजा होते. मी त्या वाटेला गेले नाही.

फिट्सचा त्रास, स्किझोफ्रेनिया, बायपोलर, किंवा जागेपणी "मी खरी आहे का" असं वाटत राहणं, यातलं काही असेल तर हा नाद नको. झोप मोडण्याचे प्रयोग अशा वेळी महागात पडतात. दिवसाही झोपेचे झटके येत असतील आणि हसताना गुडघे लुळे पडत असतील तर ते साधनेचं लक्षण समजू नका, झोपेच्या डॉक्टरांना दाखवा.

अजून न सुटलेलं

त्या अवस्थेत मी घराबाहेर जाऊ शकत नव्हते. दाराच्या कडीला हात लावला की दृश्य विझायचं. यावर हात एकमेकांवर चोळायचे, भिंतीला स्पर्श करायचा, जवळची वस्तू निरखायची, म्हणजे स्वप्नातल्या शरीराला काम मिळतं आणि खऱ्या शरीराची जाणीव मागे राहते. दोन रविवार हात चोळले. दुसऱ्या रविवारी कडी निघाली, मी जिन्यात आले, सात-आठ पायऱ्या उतरले. पहिल्या मजल्यावरच्या काकू नळाखाली बादली लावून उभ्या होत्या. मान वर करून म्हणाल्या, "पाणी आलं का गं?"

मी "गेलं" म्हणाले आणि जागी झाले. जिन्यात कुणाशी बोलायचं नाही, असं वहीत लिहून ठेवलंय.